फक्कीची रेघ

शाळेची स्मरणिका निघायची होती. मजकूर तयार आहे, फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहून दे, असा निरोप आला म्हणून मी चिमूरला गेलो. मजकूर तयार नव्हता. शिक्षकांच्या खोलीत लांब टेबलाच्या एका टोकाला आमचे पीटीचे सर बसले होते, दुसऱ्या टोकाला त्यांची भाची, आणि मधे 'शाळा आणि मैदान' या मथळ्याखालची चार कोरी पानं.

सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले. विदर्भातल्या पीटी सरांच्या अख्ख्या पिढीचं ते माहेर. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेल्या या मंडळाचा संघ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे देशी खेळ दाखवून आला, ही गोष्ट सर आम्हाला मैदानाचा चिखल झाला की वर्गात सांगत. दर पावसाळ्यात. भाची याच शाळेत गणित शिकवते. ती त्यांना मामाजी म्हणते, म्हणून इथे मीही तेच लिहितो. माझी या विषयातली पात्रता एवढीच की आठवीत असताना मी तालुक्याच्या स्पर्धेत आठशे मीटर धावलो आणि शेवटचा आलो.

मामाजींनी एक वही पुढे सरकवली.

मामाजी: हे घे. तालुक्यापासून विभागापर्यंत गेलेले सगळे पोट्टे. नाव, खेळ, साल. चार पानं कमीच पडतील.

भाची: यात मुली किती, मामाजी?

मामाजी: आहेत ना.

भाची: सात. मोजल्या मी. आणि त्यातल्या चार एकाच घरच्या. मैदानाच्या भिंतीला लागून ज्यांचं घर आहे ना, त्यांच्या.

मामाजींनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता रागावतील. शाळेत असताना ते चष्मा काढायचे तेव्हा आम्ही दोन पावलं मागे सरायचो.

मामाजी: मंग? भिंतीजवळच्या पोरी खेळल्या हा काय माझा गुन्हा?

भाची: गुन्हा नाही. पण मग तुमची ही यादी शाळेच्या खेळांचा इतिहास नाही. घर आणि मैदान यातलं अंतर किती होतं, त्याचा इतिहास आहे. वर्ग सुटल्यावर तुम्ही सराव घेणार. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली त्याच वेळी एसटी गाठायला पळणार. अहिल्याबाई होळकर योजनेचा पास मोफत आहे, पण तो शाळेत यायचा नि घरी जायचा. पासावर मैदान कुठे आहे? मुलींच्या खेळाचा इतिहास छापायचा तर चिमूर आगाराचं वेळापत्रक छापा.

मामाजी: म्हणून तर मी सकाळी सहाला ग्राऊंडवर बोलावत होतो.

भाची: सकाळी सहाला? कोलाऱ्याकडून, मदनापूरकडून? बफरमधल्या गावातून अंधारात मुलगी एकटी निघेल?

यावर मामाजी काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं नव्हतंच. ताडोब्याची कोलारा आणि मदनापूर ही फाटकं आमच्याच तालुक्याच्या बाजूला आहेत. पहाटे त्या फाटकांवर जिप्सींची रांग लागते. लांबून आलेली माणसं पैसे भरून, स्वेटर घालून, वाघ दिसावा म्हणून आत जातात. त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, वाघ दिसू नये म्हणून एखादी मुलगी घरात थांबते. सकाळच्या सरावाला ती गैरहजर. हजेरीच्या वहीत कारण लिहायचा रकाना नसतो.

मामाजी: ठीक आहे. पोरींचं मान्य. पण शिल्डं खोटी आहेत काय? त्या कपाटात पाय. तालुका, जिल्हा, नागपूर विभाग. ही शिडी आहे, बाई. खेड्यातलं पोट्टं एकेक पायरी चढत राज्याला जाते, तिथून शालेय राष्ट्रीयला जाते. आपल्या शाळेतून किती गेले ते सोड. शिडी तर आहे?

भाची: मला ती चाळणी दिसते. चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील. प्रत्येक वेळी वरचे दोन ठेवायचे, बाकीचे खाली पाडायचे. तालुक्याच्या एका दिवशी शंभर मीटरच्या हीट पाहिल्यात ना? ऑगस्ट-सप्टेंबर. अर्धी मुलं रोवणीच्या चिखलातून आलेली. एक शिटी, पंधरा सेकंद, आणि त्या मुलाचं वर्षभराचं मैदान संपलं. पुन्हा पुढच्या वर्षी. हा समोर बसलाय ना, यालाच विचारा.

बोट माझ्याकडे होतं. मी म्हणालो की माझ्या बाबतीत चाळणीने योग्य काम केलं. दोघंही हसले नाहीत.

भाची: तू त्यानंतर कधी धावलास?

नाही. त्यानंतर मी कधी धावलो नाही. बस पकडायलासुद्धा नाही. हे मी कधी मोजलं नव्हतं.

चहा आला. पहिल्या पानाचा प्रश्न निघाला. चिमूरमधून निघणाऱ्या कुठल्याही स्मरणिकेचं पहिलं पान १९४२ चं असतं, त्याला इलाज नाही आणि असूही नये. तेव्हा गाव वरोरा तहसिलीत होतं. १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तापलेलं गाव, सकाळची प्रभातफेरी, गोळीबार, त्यात बालाजी रायपूरकर गेला; मग लोकांचा उद्रेक, अधिकाऱ्यांच्या हत्या, तीन दिवस इंग्रजांचा अंमल नाही, आणि त्यानंतर लष्कराने गावावर, विशेषतः बायांवर, जे केलं ते. त्याच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. हे सगळं चिमूरचं मूल पाठ्यपुस्तकाआधी घरात ऐकतं. मामाजींना मात्र ते मैदानाच्या पानांवरही हवं होतं.

मामाजी: बालाजी पोरसवदा होता. फेरीत पुढे कोण होतं? पोट्टेच. शाळेच्या वयाचे. छाती कुठून आली त्यांच्यात?

भाची: छाती आणि छातीचं माप यात फरक आहे. तुम्ही त्याला उद्या धावपटू करून टाकाल. तो पीटीच्या तासामुळे पुढे नव्हता, मामाजी. त्याला मैदानाच्या पानावर आणू नका. त्याच्या नावावर दर १६ ऑगस्टला आपण मुलांना लेझीम देऊन उभं करतो तेवढं पुरे. पाहुणे दोन तास उशिरा, मुलं उकाड्यात.

मामाजी: लेझमीला नावं ठेवू नको.

भाची: ठेवत नाही, पण...

मामाजी: ऐक तर. धावण्यात वर्गातून एक निवडतो. कबड्डीत बारा. लेझमीत? अख्खा वर्ग. बुटका, जाडा, चष्मेवाला, ज्याला डावा-उजवा कळत नाही तोही. हा पण होता. माझ्या अख्ख्या नोकरीत एकही पोरगं असं नाही की ज्याला मी सांगितलं, तू लेझीम खेळू नको. पोरी पण होत्या, कारण तालीम शाळेच्या वेळात होती. तुझी ती चाळणी इथं नाही.

भाची थांबली. तिने तिच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

भाची: हे का नाही लिहिलं वहीत?

मामाजी: लेझमीचं शिल्ड नसते.

मला वाटलं, भांडण इथे मिटलं. मिटलं नाही, उलट बाजू पालटून सुरू झालं. भाची खेळाच्या बाजूने बोलू लागली असं वरवर वाटलं, पण ती बोलत होती नोकरीच्या बाजूने, आणि मामाजी, ज्यांनी उभा जन्म स्पर्धा घेण्यात घालवला, ते स्पर्धेच्याच एका रूपावर तुटून पडले. निमित्त झालं खिडकीबाहेरचं. चार-पाच मुलं बूट काढून मैदानाच्या कडेला बसली होती, एकाच्या हातात गोळा.

मामाजी: पाहून राहिली ना? आता ग्राऊंडवर कोणी खेळत नाही. सगळे भरती करते. सोळाशे मीटरला वीस मार्क, शंभर मीटरला पंधरा, गोळ्याला पंधरा. झाले पन्नास. त्याच्या बाहेर यांचं शरीर जातच नाही. परवा एका पोट्ट्याला म्हटलं, लांब उडी मारून पाय, पाय चांगले आहेत तुझे. तो म्हणते, सर, उडीला मार्क नाही.

भाची: बरोबर बोलला.

मामाजी: काय बरोबर बोलला?

भाची: पोलीस भरतीत उडीला मार्क नाहीत. त्याने खरं सांगितलं.

मामाजी: बाप्पा! अशानं खो-खो मरून गेला या गावातला. दोन खांब आणि फक्की, एवढ्यावर चालणारा खेळ. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, दोन्ही संघ भारताचे जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. मी टीव्हीसमोर बसून पाहिला. आणि आपल्या ग्राऊंडवर खांबाला कोणीतरी म्हैस बांधते.

भाची: माझी एक विद्यार्थिनी वनरक्षक झाली. मुलींना तीन किलोमीटर धावायचं असतं, आणि नंतर चार तासांत सोळा किलोमीटर चालायचं. तिने मला विचारलं, बाई, सोळा किलोमीटर चालण्याचीही परीक्षा असते? तिची आई तेंदूपत्त्याला त्याहून लांब जाऊन येते, डोक्यावर पुडे घेऊन. अकरा-बारा वर्षं शाळेत आम्ही त्या मुलीला जे येत नाही तेच विचारलं. भरतीने पहिल्यांदा तिला जे येतं ते विचारलं. तुमच्या कुठल्या स्पर्धेत चालण्याला शिल्ड होतं?

मामाजी: तिचं चांगलंच झालं. मी नाही म्हणतो काय? पण दहा जागा आणि हजार पोट्टे. बाकीच्यांचं काय? खो-खोत बाद झाला तर पोरगा बाजूला बसून दुसऱ्यांचा खेळ पाहते, पुढच्या डावाला परत उठते. भरतीत आउट झाला तर घरी जाऊन तोंड लपवते. वय निघून गेलं की बूट फेकून देते. आयुष्यात परत धावत नाही. खेळ असा असते काय?

भाची: खेळासाठी खेळ हे पेन्शनवाल्यांना शोभते, मामाजी.

हे जरा वर्मी बसलं. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मामाजी त्या तारखेच्या अलीकडचे, भाची पलीकडची. घरात या विषयावर आधीही बोलणी झालेली असावीत, कारण मामाजींनी लगेच दुसरीकडे पाहिलं आणि भाचीनेही आवाज खाली आणला.

भाची: अविनाश साबळे घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा. बारावी झाल्यावर लष्करात गेला, महार रेजिमेंटमध्ये. पोटासाठीच गेला. सियाचीनला ड्यूटी केली. धावणं त्यानंतर. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ साली तीन हजार मीटर स्टीपलचेसला रौप्य. म्हणजे आधी भरती, मग खेळ. तुम्ही नेहमी उलटं सांगता.

मामाजी: तो एक.

भाची: तुमच्या वहीतलाही प्रत्येक जण एकेकच आहे.

इथे मी मधे पडलो. मला खाशाबा जाधव आठवले. कराडच्या टिळक हायस्कूलचा विद्यार्थी, १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्या प्रवासाला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. मी म्हणालो, शाळा-कॉलेजांच्या खेळांचा इतिहास लिहायचा तर अशा गुरुजींचा लिहावा. मामाजींचा चेहरा उजळला. भाचीने कागदावरून मान वर केली.

भाची: ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकते. मामाजींच्याच तोंडून. दर वेळी शेवटी सगळे टाळ्या वाजवतात. एका मास्तरचं घर गहाण पडल्याशिवाय देशाचा पैलवान जहाजात बसू शकत नाही, यात टाळी कशाची?

मला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

मामाजींनी विषय बल्लारपूरकडे नेला. डिसेंबर २०२३ मध्ये शालेय राष्ट्रीय मैदानी स्पर्धा आमच्या जिल्ह्यात झाल्या, विसापूरच्या क्रीडासंकुलात. चिमूरहून शंभर किलोमीटरच्या वर. मामाजी एसटीने गेले, तिथे दोन दिवस एका जुन्या विद्यार्थ्याकडे राहिले. सिंथेटिक ट्रॅक त्यांनी वाकून हाताने चाचपून पाहिला, हे त्यांनी दोनदा सांगितलं. देशभरातली मुलं डोळ्यांसमोर धावताना पाहिली.

मामाजी: पावसात पण फक्की वाहून जात नाही तिथं. फक्कीच नाही! रेघा कायमच्या. मी सारं आयुष्य दर आठवड्याला रेघा मारत होतो. तुला काय सांगू.

भाची: आणि आपल्या तालुक्यातलं कोण धावलं त्यावर?

मामाजी: पाहायला तर मिळालं.

भाची: पाहायला तुम्ही गेलात. वर्गातल्या मुलांना न्यायला बस नव्हती. परत तिथेच आलो, बघा. बस.

मग एव्हरेस्ट निघालं, निघणारच होतं. मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' या मोहिमेत आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांची मुलं एव्हरेस्टवर गेली. दहा जणांच्या चमूतले पाच शिखरावर पोचले: मनीषा धुर्वे, कवीदास काठमोडे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे, विकास सोयाम. बोर्डा, देवाडा, जिवती इथल्या शाळांची मुलं. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथली मुलं त्याच मे महिन्यात ८,८४८ मीटरवर, बर्फात. त्या आठवड्यात चंद्रपूरकडच्या प्रत्येक पानटपरीवर हीच चर्चा होती.

मामाजी: सांग आता. चाळणी? ही पोरं कोणाची? मजुरांची.

भाची: ती वर का गेली याचा विचार केलाय? म्हणजे जिद्द वगैरे सोडून. जिद्द सगळ्यांकडे असते.

मामाजी: निवड केली, ट्रेनिंग दिलं...

भाची: त्याच्या आधी. मामाजी, ती आश्रमशाळेत राहत होती. निवासी. पाच वाजता त्यांना एसटी पकडायची नव्हती. शाळा सुटली की मैदान समोर, आणि दिवस बुडेपर्यंत मैदान त्यांचंच. आपल्या चिमूर प्रकल्पाच्या आश्रमशाळांचे प्रकल्पस्तरीय सामने पाहिलेत? त्या मुली कबड्डीत आपल्या मुलींना का गुंडाळतात?

मामाजी बराच वेळ टेबलावर बोट फिरवत राहिले, जणू तिथे ट्रॅक आखत होते.

मामाजी: म्हणजे बस नाही म्हणून.

भाची: बस नाही म्हणून.

मामाजी: साऱ्या नोकरीत मी समजलो की आदिवासी पोरांच्या अंगातच काटकपणा आहे. पेपरातही तसंच लिहितात.

भाची: लिहिणाऱ्याला आश्रमशाळेतलं जेवण एक महिना खायला द्या. मग काटकपणावर लिहू दे.

ही भाची मला आवडली. पण लेख एकतर्फी होऊ नये म्हणून सांगतो, पुढच्या पाच मिनिटांत तीही पकडली गेली. मी विचारलं की सध्या शाळेत पीटीला कोण आहे. पूर्ण वेळ कोणी नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान सक्तीचं केलं. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाला शिक्षकही सांगितला, पण अंशकालीन. मैदान कायम, सर अंशकालीन, अशी ही व्यवस्था. वेळापत्रकात मात्र पीटीचे तास आहेत.

मामाजी: त्या तासाला काय होते, विचार तिला.

भाची: काय होणार?

मामाजी: मला पोट्टे येऊन सांगतात. दहावीच्या पीटीच्या तासाला या बाई भूमिती घेतात.

भाची: अभ्यासक्रम पुरा होत नाही, मामाजी. बोर्डाची परीक्षा माझ्या नावावर असते. पीटीचा निकाल कोणी विचारत नाही.

मामाजी: उडीला मार्क नाही. बरोबर?

ती लाल झाली. मग हसली, आणि मामाजीही हसले, आणि खोलीतली हवा जरा सैल झाली. वर्ध्याला १९३७ साली नई तालीमची परिषद झाली तेव्हापासून हातापायांना शिक्षणात जागा द्या असं या मुलखात सांगितलं जातं. वर्धा आमच्यापासून दूर नाही. पण हातापायांची जागा पहिल्यांदा गणित घेतं आणि मग निवडणुकीची कामं घेतात.

राहता राहिला विक्रमांचा फलक. शाळेच्या व्हरांड्यात तो अजून आहे, हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं: शालेय विक्रम. दोनशे, आठशे, पंधराशे, गोळाफेक, थाळीफेक. मामाजींना तो जसाच्या तसा छापायचा होता. भाचीला शंका होती. पंधराशे मीटर, ४ मिनिटं ४० सेकंद, हा आकडा तिला खटकत होता.

भाची: इतका वेगवान मुलगा जिल्ह्याला पाचवा कसा आला?

मामाजी: त्या दिवशी पोट दुखलं असंल.

भाची: आठशेवालाही मागे राहिला. थाळीवाला मात्र जिल्ह्यालाही तेवढीच फेकून आला. फक्त धावणाऱ्यांची पोटं दुखतात?

तिने कपाटातून टेप काढली. पाऊस उघडला होता. आम्ही तिघं मैदानावर गेलो. भरतीची मुलं बाजूला सरकून उभी राहिली, त्यांतल्या एकाने सरांचे पाय धरले. आतली रेघ अर्धी पुसलेली होती, पण वळणावर दगड पुरलेले होते, त्यावरून अंदाज येत होता. टेप तीस मीटरची. टोक मी धरत होतो, आकडा ती वाचत होती. मामाजी मागून येत होते, हात मागे बांधून, एकही शब्द न बोलता. मला त्या गप्प राहण्यावरून कळायला हवं होतं.

एकशे एकोणनव्वद मीटर.

भाचीने परत बेरीज केली. एकशे एकोणनव्वदच.

मामाजी: मागच्या बाजूच्या खोल्या बांधल्या ना, तेव्हा ते वळण आत घ्यावं लागलं.

भाची: तुम्हाला माहीत होतं?

मामाजी: फक्की मीच मारत होतो, बाई.

भाचीने काडीने चिखलात हिशोब केला. पंधराशे मीटर म्हणजे दोनशेच्या ट्रॅकचे साडेसात फेरे. प्रत्येक फेऱ्याला अकरा मीटर कमी. सगळे मिळून साडेब्याऐंशी मीटर. त्या मुलाच्या वेगाने सोळा सेकंद. म्हणजे ४ मिनिटं ४० नाही, ४ मिनिटं ५६. मीही मनातल्या मनात माझा हिशोब केला. माझी ती आठशेची शर्यत याच मैदानावर झाली होती. मी सातशे छप्पन्न मीटर धावून शेवटचा आलो होतो.

भाची: आणि मुलांना सांगितलं नाही?

मामाजी: काय सांगू? इथं पोट्टा घड्याळ पाहून नाचायचा. घरी जाऊन सांगायचा, बा, मी शाळेत पहिला. बाप वावरातून पाहायला यायचा. जिल्ह्याला हरून आले की म्हणायचे, सर, तिथला ट्रॅक लांब आहे. मी म्हणायचो, हो रे, तिथला लांबच असते.

भाची: हे खोटं आहे, मामाजी. तुम्ही त्यांना खरी वेळ सांगितली असती तर सोळा सेकंदांसाठी त्यांनी सराव केला असता. जिल्ह्याला जाऊन चक्रावले नसते.

मामाजी: काहींनी केला असता. काहींनी दुसऱ्या दिवशी येणंच सोडलं असतं. मला कोण कोणता ते आधी कळत नव्हतं.

भाची: गणितात असं चालत नाही.

मामाजी: म्हणून तुझ्या तासाला पोट्टे खिडकीबाहेर पाहतात.

ती काही बोलली नाही. भरतीचा एक मुलगा जवळ आला नि त्याने विचारलं, सर, मग आम्ही सोळाशेचे आठ फेरे मारतो ते किती? कुणी उत्तर द्यायच्या आत त्याने स्वतःच चिखलातली ती बेरीज वाचली आणि मित्रांकडे वळून ओरडला, अबे, अजून अर्धा फेरा मारा लागते! सगळ्यांनी एक शिवी हासडली, सरांकडे पाहून जीभ चावली, आणि बूट चढवायला बसले.

मामाजी वळणावरच्या दगडाजवळ उकिडवे बसले. बोटाने त्यांनी रेघेपासून जराशी बाहेर एक खूण केली.

मामाजी: तू रेघेवरून मोजलं. ट्रॅक रेघेवरून मोजत नसते. पोट्टा काय रेघेवर पाय ठेवून धावते? कठडा नसला तर रेघेच्या वीस सेंटिमीटर बाहेरून मापायचं. अमरावतीला हे पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

भाची: त्याने किती फरक पडेल? एका फेऱ्याला सव्वा मीटर.

मामाजी: पडू दे. तेवढा तर त्यांचा आहे.

त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि दगडापासून एक वीत बाहेर बोट टेकवून सांगितलं, इथं धर.